नाव घातलेले डबे

"यादीतून साखर काढा," मी म्हणाले, आणि कमळाक्का मगदुमांच्या सोप्यात सतरंजीवर बसलेल्या सगळ्याजणी माझ्याकडं बघायला लागल्या.

"साखर काढून कसं चालंल, वैजू?" कमळाक्का म्हणाल्या. त्या आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. वय साठीच्या पुढं, कपाळ मोकळं, आवाज असा की अंगणातून हाक मारली तर मळ्यातला गडी उभा राहावा.

"साखरेत काही नसतं, आक्का. नुसती गोडी. त्याऐवजी शेंगदाण्याचं कूट देऊ. त्यात ताकद असते."

"ताकद असंल. पण घरात साखर लागतीया."

"कशाला?"

पदर सावरून आक्का म्हणाल्या, शिकलेली तू आहेस, तू म्हणशील तसं. आणि साखर गेली.

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. हिंगणवडीची सूतगिरणी बंद पडून तेव्हा चार महिने होत आले होते. गिरणीच्या मागं कामगारांची बैठी चाळ होती, अठरा खोल्यांची. पगार थांबले आणि चाळीतले पुरुष मिळेल ते काम शोधत कुणी इचलकरंजीला, कुणी कोल्हापूरला, कुणी उसाच्या फडात पांगले. बायका, पोरं आणि म्हातारी माणसं मागं राहिली. आमच्या मंडळानं ठरवलं, की दर पंधरा दिवसांनी या अठरा घरांना शिधा पोचवायचा. आता अशा कामाला फूड बँक म्हणतात. आम्ही धान्यकोठी म्हणायचो.

कोठीतून काय द्यायचं हे ठरवायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी मुलींच्या हायस्कुलात गृहशास्त्र शिकवत होते. पुण्याहून लग्न होऊन आलेली, पदवीधर, आणि प्रत्येक गोष्टीची यादी करणारी. आमचे हे म्हणायचे, हिला स्वर्गात धाडलं तरी ही आधी अप्सरांची हजेरी घेईल.

सुरुवातीला मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ज्यानं त्यानं मनानं द्यावं. तर आलं काय? दोन वर्षांपूर्वीच्या शेवया, सासूबाईंना पचत नाही म्हणून पडून राहिलेली नाचणी, दिवाळीत भेट आलेले आणि कुणीच न उघडलेले मिठाईचे पुडे, आणि कुणाकडून तरी उपासाची भगर. काशीला जाऊन कारलं सोडून यायचं, त्यातलाच प्रकार. मी ते सगळं ज्याचं त्याला परत केलं आणि वही उघडली.

माझा विचार अगदी शास्त्रशुद्ध होता. चाळीतल्या बायकांना त्रास नको, म्हणून सगळं तयार द्यायचं. ज्वारी नको, ज्वारीचं पीठ. म्हणजे दळणाची फेरी वाचली. शेंगा नकोत, भाजून केलेलं कूट. बेसन, चटणी, मीठ आणि बाटलीत तेल. मोठ्या माणसाला दिवसाला तीन भाकरी, लहानाला दीड, असं धरून घरोघरचं पीठ मी ग्रॅममध्ये काढलं होतं. एक मूठ कमी नाही, एक मूठ जास्त नाही. अठरा घरांत कोण किती वर्षांचं आहे, हे माझ्या वहीत होतं.

आणि एक गोष्ट तर मला इतकी आवडली होती, की ती सुचली त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होऊन दोन वेळा चहा घेतला. शिधा पिशव्यांतून द्यायचा नाही. पिशवी हातात पडली की माणसाला आपण रेशनच्या रांगेत उभे आहोत असं वाटतं. शेजारणीला देतो तसा डब्यातून द्यायचा. आपल्या घरच्या, स्टीलच्या, लखलखीत घासलेल्या डब्यातून. एका घराला दोन डबे, मोठ्यात पीठ आणि लहानात कूट. रिकामे झाले की परत येतील, पुन्हा भरून जातील.

"शेजारधर्म आहे हा, भीक नव्हे," मी म्हणाले. हे मात्र आक्कांसकट सगळ्यांना पटलं.

आम्ही बाराजणी होतो. प्रत्येकीनं तीन-तीन डबे आणले. आमच्याकडं भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं फडताळात जात नाही, त्यामुळं प्रत्येक डब्यावर काही ना काही कोरलेलं होतं. कुणाला मामांकडून, कुणाला वास्तुशांतीनिमित्त, एक तर कै. बाळाप्पांच्या स्मरणार्थ. असे छत्तीस डबे भरून आम्ही चाळीत नेले.

चाळीतला पहिला उंबरा अंजाक्का लोहारांचा. त्यांचे यजमान गिरणीत फिटर होते, आता कोल्हापुरात एका गॅरेजात लागले होते. घरात सून, दोन नातवंडं आणि खाटेवरची सासू. अंजाक्का पन्नाशीच्या, उंच, काटकुळ्या. चाळीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी डबे दोन्ही हातांनी घेतले, त्यावरचं नाव बोटानं चाचपलं आणि म्हणाल्या, लई उपकार झालं.

"उपकार कसले? शेजारी ना आपण," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं. "शेजारी," त्या म्हणाल्या. "बरं."

पंधरा दिवस गेले. एकही डबा परत आला नाही. दुसऱ्या खेपेला बायकांनी पुन्हा डबे दिले. या वेळी जरा पोचे आलेले, झाकण घट्ट न बसणारे, पण दिले. चाळीत गेल्यावर मी अंजाक्कांना सहज आठवण केली. त्या म्हणाल्या, देतो की, जरा ऱ्हाऊ द्या. आणि दार अडवून उभ्या राहिल्या. आत या म्हणाल्या नाहीत. तीच गत पुढच्या खोलीत, त्याच्या पुढच्या खोलीत. एरवी या बाजूला माणूस उंबऱ्यावर आलं की गूळ-पाणी पुढं येतं. इथं अठरा दारांत अठरा बायका उभ्या, आणि कुणी पाण्यालाही विचारेना. कुणाला काय जेवलात म्हणून विचारलं, तर ठरलेलं उत्तर यायचं, आज उपास हाय. परतताना आमच्या बायका एकमेकींकडं बघत होत्या, आणि मला त्या बघण्याचा अर्थ कळत होता.

तिसरी खेप जवळ आली तशी कुजबुज वाढली. शिधा दिला तो दिला, आता संसारातले डबेही द्यायचे का? एकीनं तर भंगारवाल्याच्या गाडीवर स्टीलचे डबे पाहिल्याचं सांगितलं. कुठले, कुणाचे, ते तिनं बघितलं नव्हतं, पण अशा गोष्टीला पाय फुटायला पुरावा लागत नाही. बैठकीला पाचच जणी आल्या. त्यांपैकी तिघींनी पुढच्या खेपेला काही जमणार नाही म्हणून सांगितलं.

सगळ्या गेल्यावर आक्का मला म्हणाल्या, "शनिवारपर्यंत डबे आले तर कोठी चालंल. न्हाई आले तर बंद. मी कुणावर जोर करणार न्हाई. बायकांचं मन उडालं की दान ओढून काढता येत न्हाई." मग थोडं थांबून त्यांनी जोडलं, "आणि तूच जा विचारायला. डब्याची अक्कल तुझी."

ते खरंच होतं. अठरा घरांची चूल त्या डब्यांना टांगून ठेवली होती ती मीच.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी लूना काढली आणि चाळीत गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. कुणाला चोर न म्हणता डबे मागायचे कसे, हे गृहशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. अंजाक्कांचं दार अर्धवट लोटलेलं होतं. मी हाक मारली. कुणी ओ दिली नाही, म्हणून दार जरासं ढकललं.

आत समोरच्या भिंतीशी फळी होती. फळीवर, फळीखाली, खाटेच्या पायथ्याशी, एकावर एक, डबेच डबे. राखेनं घासून आरशासारखे केलेले. पोचे आलेले सुद्धा. नावाची बाजू बाहेर करून ओळीनं लावलेले. मी मोजले नाहीत, पण बघताच समजलं की आमचे बहात्तरच्या बहात्तर डबे इथं होते. आणि खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात आलं ते चांगलं नव्हतं. मनात आलं, म्हणजे चाळीची ही पुढारीण सगळे गोळा करून बसली आहे तर.

मागून पावलं वाजली. अंजाक्का नळावरून घागर घेऊन येत होत्या. मला दारात बघून त्या थबकल्या. मग घागर खाली ठेवली, पदरानं हात पुसले.

"आत या बाई," त्या म्हणाल्या. "आता बगितलंच तुमी."

मी आत जाऊन झोपलेल्या सासूबाईंच्या पायाशी खाटेच्या कडेला टेकले. त्यांनी सांगितलं, की चाळीतल्या सगळ्यांचे डबे त्यांनीच इथं आणून ठेवले होते. दुसरीकडं पोरं आदळआपट करतात, एखाद्याला पोचा पडला तर शोभणार नाही.

"मग परत का नाही दिले?" मी विचारलं.

"रिकामं?" अंजाक्का म्हणाल्या.

एवढा एकच शब्द. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, हे मला आईनं फ्रॉकात असताना शिकवलं होतं. कुणाकडून वाटीभर आमटी आली, तर वाटी धुऊन तिच्यात काहीतरी घालून द्यायची. खीर, लाडू, झाडाचे दोन पेरू. काही म्हणजे काहीच नसेल तर चिमूटभर साखर. पुण्यात तसंच, हिंगणवडीत तसंच. पिशवी दिली असती तर पिशवी कुणी परत केली नसती. मी डबा दिला होता. वर शेजारी म्हटलं होतं.

"अहो, मग चिमूटभर साखर घालून..." मी बोलायला लागले आणि निम्म्यात थांबले.

"साखर कुटली, बाई?" अंजाक्कांच्या आवाजात टोमणा नव्हता. "हळदी-कुकवापुरती हुती, ती सासूबाईच्या औशदाला गेली. चाळीत हिंडून इचारलं. कुनाकडंच न्हाई. चिमूटभर असती तर तुमचं डबं चवथ्या दिशी परत आलं असतं."

मी खाली बघितलं. शेणानं सारवलेली जमीन होती, स्वच्छ.

मग त्यांनी खाटेखालून एक पत्र्याचा डबा ओढला आणि झाकण काढलं. आत ज्वारीचं पीठ होतं, जवळजवळ गळ्यापर्यंत. शेजारी एका पुडीत बेसन आणि बाटलीत दोन बोटं तेल.

"धपाटी करनार हाय आमी," त्या म्हणाल्या. "एका डब्यात दोन. बहात्तर डब्याला एकशे चव्वेचाळीस. सून शिकल्याली हाय, तिनं काढलं. अजून थोडं पीठ कमी पडतंय. पुढच्या बुधवारपातूर हुईल. जरा ऱ्हाऊ द्या म्हनत हुतो ते त्यापायी."

"एवढं पीठ जमवलंत कुठून?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत होतं. अठरा घरांत एक मूठ जास्त गेली नव्हती. मी जाऊ दिली नव्हती.

"उपासातनं," अंजाक्का म्हणाल्या. "चाळीतल्या बायका सोमवार धरत्यात, गुरुवार धरत्यात. म्या शनिवार बी धरलाय. सांजला उपास सोडत न्हाईत, त्या दिशीच्या भाकरीचं पीठ हितं आनून टाकत्यात. देवाला बी पोचतंय आनि डब्याला बी." आणि त्या हसल्या. खरंच हसल्या, मोकळेपणानं, जसं काही एखादी युक्ती साधल्याचा आनंद असावा.

मला लाज वाटली. नुसती लाज नाही, संतापही आला. माझा, आणि खोटं कशाला सांगू, अंजाक्कांचासुद्धा. मी जवळजवळ ओरडलेच, की तुम्ही उपाशी राहून आमचे डबे भरताय? रिकामे द्या. आत्ता द्या. मी घेऊन जाते, कुणी एक अक्षर बोलणार नाही.

अंजाक्कांनी डब्याचं झाकण नीट दाबून बसवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "भिकाऱ्याला कुनी नाव घातल्याल्या डब्यातनं वाडत न्हाई, बाई. तुमी वाडलासा. शेजारी म्हनलासा. आता शेजारनीवानी ऱ्हाऊ द्या आमाला."

मी उठताना त्यांनी माझा हात धरला. हे कुणाला सांगू नका म्हणाल्या. कळलं तर तुमच्या बायका डबे तुम्हालाच असू द्या म्हणतील, मग ती भीकच झाली. मी शब्द दिला.

शब्द दिला आणि तासाभरात मोडला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आक्का सोप्यात सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. पीठ, तेलाची बाटली, सोमवार, गुरुवार, अंजाक्कांचा शनिवार. सांगताना रडले, हेही लिहून टाकते. आक्कांचा हात मध्येच कधीतरी थांबला होता.

"कशाला लागते साखर, म्हणून विचारलं हुतंस तू," शेवटी त्या म्हणाल्या. "मलाबी तवा सांगता आलं न्हाई. लागती, एवढंच ठाऊक हुतं."

मी म्हटलं, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आक्का म्हणाल्या, बैलाचं राहू दे, वही आण. आणि मी आणली. त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"ज्वारी दे. पीठ देऊ नको. पीठ पंधरा दिवसांत कडू हुतंय, ज्वारी टिकती. आणि दळणाला निघाली म्हणजे बाई चार माणसांत जाती. शेंगा दे. फोडायला पोरं बसत्यात. गूळ घाल, साखर घाल. आणि ते ग्रॅमचं सोडून दे. सुनेला कोठीतनं काढून देताना आपण मोजतो काय? दोन मुठी सांडल्या तरी चालंल एवढं दे. त्या दोन मुठी त्यांच्या. त्यांनी खाव्या, न्हाईतर कुणाला द्याव्या."

"आणि हे बहात्तर डबे? शनिवारी?"

आक्कांनी सूप उचललं, तुरीवर एक फुंकर घातली. "शनिवारी सगळ्या मिळून डबे आणायला जाऊ. चालत. सगळ्यांना सांगून ये, घरनं भूक घेऊन या म्हणावं."

आधीचं नंतर आणि नंतरचं आधी असं सांगायची मला खोड आहे, तर पुढचं आत्ताच सांगून टाकते. आमची कोठी पुढं अडीच वर्षं चालली. गिरणी काही सुरू झाली नाही, पण चाळीतली माणसं हळूहळू दुसऱ्या कामांना लागली, आणि एक दिवस अंजाक्काच येऊन म्हणाल्या, आता दुसऱ्या कुनाला द्या. त्या अडीच वर्षांत एकही डबा रिकामा परत आला नाही. शेवग्याच्या दोन शेंगा, कढीलिंबाची डहाळी, शेंगदाण्याची चटणी, कधी नुसती चमचाभर साखर. डबा हातात पडला की आमच्या बायका आधी झाकण उघडायच्या, आणि कुणाला काय आलं यावर चढाओढ लागायची. भंगारवाल्याची गोष्ट सांगणारीनं तर लोहारांच्या घरचा शिधा आपल्याकडं मागून घेतला, कारण त्या घरून येणारी चटणी तिच्या नवऱ्याला आवडायची. तिनं ते कारण बिनदिक्कत सांगितलंही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चटणीपुढं तेही मावळलं.

आता शनिवारचं.

आम्ही बाराजणी भर उन्हात चाळीवर गेलो. आक्का पुढं. बायका कुरकुरत होत्या, डबे आणायला एवढा तांडा कशाला, आणि उपाशी का. आक्कांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मलाही त्यांच्या मनात काय आहे ते पुरतं ठाऊक नव्हतं. एवढंच माहीत होतं, की आक्का परक्या घरी काही खात नाहीत. गावातल्या लग्नाकार्यालाही त्या घरून दशमी बांधून न्यायच्या. त्यांच्या सोवळ्याची थट्टा आम्ही त्यांच्या माघारी पुष्कळ केली होती.

अंजाक्का दारातच होत्या. एवढ्या बायका येताना बघून त्यांचा चेहरा उतरला. डबे तयार नव्हते, आणि धनिणी दारात आल्या होत्या. आक्का थेट जाऊन ओट्यावर बसल्या.

"अंजाक्का, डबे न्यायला आलो," त्या म्हणाल्या. "पण उन्हातनं चालत आलोय आणि सकाळपासनं पोटात काही न्हाई. घरात असंल ते वाढा. मग डब्यांचं बघू."

आमच्या बायका आक्कांच्या तोंडाकडं बघतच राहिल्या. अंजाक्कांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला त्या नजरेत दिसलं. मी नजर चुकवली नाही. त्यांनी दार लावून घेतलं असतं तर ते त्यांना शोभलं असतं, आणि आमची कोठी तिथंच संपली असती.

अंजाक्का आत वळून म्हणाल्या, "सूनबाई, परात काढ."

त्यानंतर त्या चाळीत जी धांदल उडाली ती सांगता येणार नाही. अठरा दारं उघडली. कुणी तवा आणला, कुणी सरपण, कुणी भिंतीवरचा कढीलिंब तोडला. तीन चुली पेटल्या. ज्या बायका महिनाभर उंबरा अडवून उभ्या होत्या, त्या आम्हाला हात धरून बसवत होत्या. पाणी आलं, पाट आले, पाट संपले तेव्हा पोती आली. ओट्यावर आमची पंगत बसली आणि धपाट्यांचा खमंग वास सुटला.

पहिलं धपाटं आक्कांच्या ताटात पडलं. त्यांनी हात जोडले, तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला. आम्ही सगळ्या बघत होतो. "झकास झालंय," त्या म्हणाल्या. "तिखट बेताचं हाय." आणि खातच राहिल्या.

दुसरं धपाटं संपवल्यावर त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एक रीत सांगते. ज्या घरी जेवलो, तिथनं डबा रिकामाच न्यायचा. भरून नेला तर खाल्लेलं अंगी लागत न्हाई. आमच्यात असंच हाय, पहिल्यापासनं."

अशी रीत त्यांच्यात नव्हती, आमच्यात नव्हती, कुणातच नव्हती. अंजाक्का लोहारांनाही ते पक्कं ठाऊक होतं. हातातलं उलथणं तसंच धरून त्या म्हणाल्या, "रीत असंल तर पाळाय पायजेच."

"आणि तूबी बस आता," आक्का म्हणाल्या.

"माझा शनिवार हाय, आक्का."

"यजमानीण उपाशी आणि पाहुणे जेवत्यात, ह्याचं पाप शनीपेक्षा मोठं. बस."

अंजाक्कांनी सुनेकडं उलथणं दिलं आणि ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. मधोमध धपाट्यांची चळत ठेवली होती. माझ्या ताटातलं धपाटं तसंच होतं. मी एकच घास खाल्ला होता. पीठ महिन्याचं झालेलं, त्यामुळं चव जराशी कडसर लागत होती, आणि बाकी कुणाला ते जाणवतही नव्हतं. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, ते मला मात्र माहीत होतं.

"शब्द मोडलासा, बाई," अंजाक्का हळूच म्हणाल्या.

"मोडला," मी म्हटलं.

त्यांनी स्वतःच्या धपाट्याचा तुकडा मोडला. चावून खाल्ला. पंगतीवरून एक नजर फिरवली. आमच्या बायका बोटं चाटत होत्या, चाळीतली पोरं आपापली धपाटी हातात घेऊन ओट्याच्या कडेला पाय हलवत बसली होती.

"पाच म्हयन्यांनी आज आमच्या दारात मानूस जेवाय बसलंय," त्या म्हणाल्या. "उष्टं टाकून उठू नगासा."

मी खाल्लं. आधी डोळे पुसून, मग नीट, चटणी लावून, शेवटच्या तुकड्यापर्यंत. आणि ताट पुढं करून म्हणाले, "अंजाक्का, अजून एक वाढा."

त्यांनी दोन वाढली.